एकाच नावाच्या दोन फायली

महाळुंगे
१७ जून २०२५

चि. स्वरूपा,
अनेक आशीर्वाद.

परवाच्या रविवारी तू येऊन आमच्या ऑफिसातले चारही कॉम्प्युटर विंडोजवरून फुकटच्या लिनक्सवर नेलेस, तेव्हापासून आमचे मालक दादासाहेब खूश आहेत. विकत न घेता सॉफ्टवेअर वापरता म्हणून आलेली नोटीस त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली आणि मला म्हणाले, "ज्योतीराम, तुझी भाची लई कामाची हाय." मी म्हणलं, आमच्या घरी राहून आकुर्डीला शिकलेली आहे, चार वर्षं. हे मी सगळ्यांनाच सांगतो, तुला माहीत आहे.

आता माझं रडगाणं. फोनवरच विचारलं असतं, पण प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या दणदणाटात अठरा वर्षं काढल्यावर डावा कान पुरता गेला आणि उजवा अर्धा राहिला. फोनवर तू सांगतेस त्यातलं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं घालतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत ते बरं नाही. म्हणून कागदावर लिही. नानासाहेब तुमच्या कंपनीची बस चालवतात आणि राहतात आमच्याच गल्लीत. त्यांच्या हाती दिलं की दुसऱ्या दिवशी मला मिळतं. कागद समोर असला की मी बोट ठेवून एकेक ओळ करत जातो.

पहिलं, सी ड्राइव्ह कुठं गेला? सापडतच नाही. दुसरं, तक्ता छापायला घेतला की शेवटच्या ओळी पानाबाहेर जातात. तिसरं, एखादा शब्द नुसता निवडला आणि माऊसचं मधलं चाक चुकून दबलं की तो शब्द भलतीकडं जाऊन चिकटतो. काल दादासाहेबांच्या पत्रात त्यांच्या नावापुढं "गंजरोधक तेल" असं छापून आलं. सही करताना त्यांनी वाचलं नाही, माझं नशीब.

चौथं महत्त्वाचं. मी रोज संध्याकाळी सेटिंग शीटचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो आणि प्रेसशॉपमधल्या कॉम्प्युटरवर नेऊन टाकतो. तो एकच कॉम्प्युटर तू जुन्या विंडोजवर ठेवलास, कारण तिथलं मशीनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. तर आता कॉपी करताना प्रत्येक फायलीला विचारतं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? एकशे चाळीस फायली आहेत. एकशे चाळीस वेळा हो म्हणत बसतो आणि माझी सहाची बस जाते. काय करू?

साधनामामी विचारते, लेकराची तब्येत कशी आहे. जावईबापूंना नमस्कार.

तुझा मामा
ज्योतीराम


हिंजवडी
१९ जून २०२५

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

गंजरोधक तेल वाचून मी ऑफिसात एकटीच हसले.

सी ड्राइव्ह नावाचं काही इथे नसतं. डाव्या बाजूला "होम" दिसेल, तेच तुमचं घर समजा. तुमच्या सगळ्या फायली त्यात आहेत. तक्ता सरकतो, कारण जुना फॉन्ट या सिस्टिमवर नाही. ती त्याच्या जागी दुसरा घालते आणि तो थोडा रुंद आहे. मी आले की नीट करून देईन. मधल्या चाकाला तेवढं सांभाळा.

चौथ्याचं उत्तर सोपं आहे. पहिल्यांदा विचारेल तेव्हा खाली एक छोटा चौकोन असतो, "सगळ्या फायलींना लागू करा". त्यावर खूण करायची आणि "बदला" दाबायचं. एकदाच. मग पुन्हा विचारणार नाही. जुन्याच्या जागी नवीन जातं, एवढंच असतं ते. बिनधास्त दाबा आणि सहाची बस पकडा.

लेकरू मजेत आहे. आमच्याकडे प्रोजेक्टची धावपळ चालू आहे, त्यामुळे जरा उशिरा लिहीत जाईन. रागावू नका.

तुमची
स्वरूपा


महाळुंगे
८ जुलै २०२५

चि. स्वरूपा,
अनेक आशीर्वाद.

चौकोनाची युक्ती फार उपयोगी पडली. तीन आठवडे झाले, एकदाही बस चुकली नाही.

आज दुसऱ्याच कामासाठी लिहितोय. आमच्याकडं धम्मरत्न म्हणून सेटर आहे, एकशेसाठ टनी प्रेसवर. हिंगोलीकडचा. तिशीतला असेल. मशीनवर उभा राहणारा आणि तरी वाचणारा असा माणूस मी इथं दुसरा पाहिला नाही. माझ्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला येऊन, नीट हळू बोलतो. बाकीचे लांबूनच ओरडतात. त्याची बायको आम्रपाली मामीच्या ओळखीची आहे, दोघी एकाच दुकानात शिवणकाम देतात.

तो काल माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "काका, शीटवर पहिलं खाली तारीख अन् कितवी सुधारणा ते यायचं. आता आमच्या स्क्रीनवर ते दिसंनाच. नवी हाय का जुनी, मी कसं वळखायचं?"

मी बघितलं तर खरंच. माझ्या कॉम्प्युटरवर ती ओळ आहे, त्यांच्या स्क्रीनवर पान तिच्या आधीच संपतं. तू फॉन्टचं म्हणालीस त्यातलाच प्रकार असावा.

तुला कळावं म्हणून सांगतो. शीटवर पत्र्याची जाडी असते आणि डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, किती उंचीवर लावायची तो आकडा. सेटर तो बघून प्रेस लावतो. दादासाहेबांचा नियमच आहे, शीटवर जे असेल ते लावायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. त्यात आमचा माल घेणाऱ्या मोटारवाल्यांनी या महिन्यात सतरा नंबरच्या ब्रॅकेटचा पत्रा दोन मिलिमीटरवरून अडीच केलाय. तर ती खालची ओळ दिसायला हवी.

येत्या रविवारी येशील का? मामी धपाटे करणार आहे.

तुझा मामा
ज्योतीराम


हिंजवडी
१४ जुलै २०२५

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी येणं जमलं नाही, त्याबद्दल माफ करा. मामींनी वाट पाहिली असेल. शनिवार-रविवार दोन्ही दिवस ऑफिसात होते, क्लायंटचं काम आलं होतं. तुमच्या धम्मरत्नचं म्हणणं अगदी बरोबर आहे. फॉन्ट टाकला की ती ओळ परत दिसेल, अर्ध्या तासाचं काम आहे. पण ते मीच बसून करायला हवं, कागदावर सांगून व्हायचं नाही.

पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या रविवारी नक्की येते. तोवर चालवून घ्या.

तुमची
स्वरूपा


महाळुंगे
२३ जुलै २०२५

चि. स्वरूपा,
आशीर्वाद.

घाईत आहे. एकच विचारायचं आहे. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली असू शकतात का? एकीच्या नावाचं पहिलं अक्षर इंग्रजीत मोठं आहे आणि दुसरीचं छोटं. बाकी नाव तेच. पहिली जुनी आहे, दुसरी मी या महिन्यात केलेली. विंडोजवर असं कधी झालं नव्हतं. आणि दोन्ही मिळून पेनड्राइव्हवर घेतल्या तर काय होतं?

नानासाहेबांना थांबायला सांगितलंय. उत्तर उद्याच्या उद्या दे.

ज्योतीराम


हिंजवडी
२४ जुलै २०२५

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

विंडोजवरून लिनक्सवर आलेला प्रत्येक जण एकदा इथे अडकतो, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. हो, असू शकतात. विंडोजला मोठं अक्षर आणि छोटं अक्षर एकच वाटतं. तुम्ही कसंही नाव लिहून सेव्ह केलं तरी ते जुन्या फायलीवरच बसायचं. लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. तुम्ही छोट्या अक्षराने सेव्ह केलं, म्हणून जुनी तशीच राहिली आणि शेजारी नवी तयार झाली.

पेनड्राइव्ह मात्र विंडोजच्या पद्धतीचा आहे. त्याच्यावर दोन्ही राहू शकत नाहीत. जी आधी जाते तिच्यावर नंतरची बसते. म्हणजे जुनी मागून गेली तर नवी पुसली जाते आणि जुनीच उरते. एरवी "बदलू का" असं विचारतं, पण तुम्ही चौकोनावर खूण करता, त्यामुळे ते न विचारता झालं असेल.

उपाय सोपा आहे. तुमच्याकडची मोठ्या अक्षराची फाइल काढून टाका, कचऱ्याची टोपलीही रिकामी करा आणि पुन्हा कॉपी करा. प्रेसशॉपमधल्या कॉम्प्युटरवर आपोआप नवी बसेल. प्रश्न मिटला.

तुमचं अक्षर एवढं वाकडं का आलंय? बसमध्ये बसून लिहिलंत का?

तुमची
स्वरूपा


महाळुंगे
३ ऑगस्ट २०२५

चि. स्वरूपा,
आशीर्वाद.

तुझं २४ तारखेचं पत्र त्याच संध्याकाळी मिळालं. तू सांगितलंस तसं सगळं केलं. पण मी तुला अर्धीच गोष्ट कळवली होती. लपवायचं म्हणून नव्हे, लिहायला हात उचलत नव्हता.

२२ तारखेला, मंगळवारी, पहिल्या पाळीत धम्मरत्ननं सतरा नंबरची डाय लावली. स्क्रीनवर दोनचा आकडा होता, त्यानं दोनला लावली. पत्रा अडीचचा होता. आठ-दहा पीस कसेबसे निघाले. मग पंच फुटला. पंच म्हणजे पत्र्याला भोक पाडणारा पोलादी खिळा, अंगठ्याएवढा. त्याचा तुकडा चष्म्याची काच फोडून त्याच्या डाव्या डोळ्यात गेला.

मला ऐकू आलं नाही. मी टेबलाशी बसून होतो. लोक पळताना दिसले म्हणून उठलो. तो जमिनीवर बसला होता, हात तोंडावर. ओरडत नव्हता. मला बघून काहीतरी म्हणाला, ते मला समजलं नाही. मी कान त्याच्या तोंडाशी नेला, तेव्हा तो म्हणाला, "काका, शीट बघा."

त्याला गाडीत घालून नेल्यावर मी शीट बघितली. स्क्रीनवर दोन होतं. माझ्या टेबलावर येऊन बघितलं तर तिथं दोन फायली, एकीत दोन, दुसरीत अडीच. मग तुला पत्र लिहिलं.

डोळा गेला. चिंचवडच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी काढावा लागला.

आता पुढचं ऐक. तुझं पत्र आलं तेव्हा दुसरी पाळी सुरू झाली होती आणि रात्रीपाळीला सतरा नंबरच लागणार होता. आणखी एका माणसापुढं तो दोनचा आकडा राहू द्यायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. मोठ्या अक्षराची फाइल काढली, टोपली रिकामी केली, कॉपी करून प्रेसशॉपला टाकली. २६ तारखेला चौकशीची माणसं आली. त्यांनी दोन्ही कॉम्प्युटर बघितले. दोन्हीकडं अडीच. धम्मरत्न दवाखान्यातून सांगत होता की स्क्रीनवर दोनच होतं. त्यांनी लिहून घेतलं की सेटरनं शीट न बघता प्रेस लावली.

मी दादासाहेबांकडं गेलो. म्हणलं, स्क्रीनवर दोनच होतं, मी स्वतः बघितलं, नंतर मीच ती बदलली. ते खुर्चीतून उठले. मग माझ्या उजव्या कानाशी येऊन म्हणाले, "ज्योतीराम, पोराचं वाईट झालं, मला बी झोप न्हाई. पर तू त्याच्यावरच्या मायेपोटी बोलतुयास. एका नावाच्या दोन फायली व्हत्यात व्हय कुठं? तुला त्या कॉम्प्युटरमधलं काय कळतं? ज्याला कळतं त्याच्याकडनं लेखी आन. मग बघू."

त्यातलं कळतं ते तुला. ११ तारखेला शेवटची चौकशी आहे. जे मला २४ तारखेला लिहून पाठवलंस, तेच एका कोऱ्या कागदावर लिही, खाली तुझं नाव, शिक्षण आणि सही. कुठलाही पेनड्राइव्ह घेऊन दोन मिनिटांत दाखवता येईल ना? येता आलं तर तूच ये. तुझ्याकडं बोट दाखवायचं नाही, लेकरा. चूक माझी आहे, मी ते नाव छोट्या अक्षरानं लिहिलं. फक्त असं होऊ शकतं एवढं कुणीतरी शिकलेल्या माणसानं सांगायला हवं.

वाट बघतो.

तुझा मामा
ज्योतीराम


हिंजवडी
७ ऑगस्ट २०२५

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र येऊन तीन दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि उठते.

मी तुमच्याशी खोटं बोलले. १३ जुलैच्या रविवारी मी ऑफिसात नव्हते. मला क्लायंटचं कामच नाही. एप्रिलपासून माझ्याकडे प्रोजेक्ट नाही. रोज सकाळी बसमध्ये बसून येते, दिवसभर कॅन्टीनजवळच्या टेबलाशी बसते आणि संध्याकाळी घरी जाते. आमच्याकडे याला बेंचवर बसणं म्हणतात. घरी फक्त ह्यांना माहीत आहे. त्या रविवारी एका ठिकाणी मुलाखत होती. ती झाली नाही, पण मला तिथून महाळुंग्याला येऊन तुम्हा दोघांसमोर बसवेना.

आमच्या कंपनीचा नियम आहे की बाहेरचं कुठलंही काम करायचं नाही. तुमच्या ऑफिसातलं काम मी पैसे न घेता केलं, पण ते त्यांना सांगून पटणार नाही. एका अपघाताच्या चौकशीच्या कागदावर माझं नाव आणि सही आली, तर मला त्याच दिवशी काढतील आणि तसा शेरा मारून काढतील. मग पुढे कुणी घेणार नाही. एका प्रोजेक्टचं बोलणं चालू आहे. २० तारखेपर्यंत कळेल. ते झालं की तुम्ही म्हणाल तसं लिहून देते. चौकशी आठ-दहा दिवस पुढे ढकलता येते का, दादासाहेबांना विचारून बघा.

आणि मामा, माझी आधीची पत्रं तुमच्याजवळ असतील. ती एवढ्यात कुणाला दाखवू नका.

हे लिहिताना मला काय वाटतंय ते लिहीत नाही.

स्वरूपा


महाळुंगे
१३ ऑगस्ट २०२५

चि. स्वरूपा,
आशीर्वाद.

चौकशी पुढं ढकलली नाही. मी विचारलं होतं.

परवा अकरा वाजता झाली. दादासाहेब होते, मोटार कंपनीचा एक माणूस होता आणि चौकशीसाठी बोलावलेले एक निवृत्त अधिकारी. धम्मरत्न आला होता, डोळ्यावर पट्टी, सोबत आम्रपाली. तिला बाहेर बाकावर बसवलं.

मला आत बोलावलं. तुझी दोन पत्रं, १९ जूनचं आणि २४ जुलैचं, माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात होती. तुझ्यावर रागावून नेली नव्हती. घरी ठेवून जायचा धीर झाला नाही. बसल्या जागी ती छातीला टोचत होती.

त्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

मी म्हणलं, "शीट मी चुकीची टाकली. माझ्या कॉम्प्युटरवर दोन होत्या. जुनी नव्यावर बसली."

"दोन कशा होत्या?"

"एक मोठ्या अक्षराची आणि एक छोट्या."

ते मोटार कंपनीच्या माणसाकडं बघून हळूच काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मग मला मोठ्यानं विचारलं, "याचा काही पुरावा? कुणी जाणकाराचं लेखी?"

धम्मरत्न माझ्याकडं बघत होता. त्याला ठाऊक होतं की कॉम्प्युटर माझ्या भाचीनं बसवलेत. मी तुझं कौतुक त्याच्यापुढं किती वेळा केलंय. मी खिशाला हातसुद्धा लावला नाही. म्हणलं, "नाही साहेब."

त्यांनी लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं नाही, पण समोरच लिहीत होते म्हणून दिसलं. "साक्षीदारास ऐकू कमी येते. वयस्कर. जखमी कामगाराविषयी आपुलकी."

निकाल सेटरचा निष्काळजीपणा असा झाला. पत्रा मायक्रोमीटरनं मोजला नाही, हेही त्यात घातलं. शीटवर असेल तेच लावायचं, हा नियम कुणी काढला नाही. मीही काढला नाही. त्या वेळी सुचलं नाही.

बाहेर आल्यावर धम्मरत्न माझ्या उजव्या बाजूला आला, नेहमीसारखा. मला वाटलं काही बोलेल. पण तो आम्रपालीला घेऊन गेला.

तुझ्या प्रोजेक्टचं व्हावं म्हणून मामी रोज दिवा लावते. तिला बाकीचं काही सांगितलेलं नाही.

मामा


हिंजवडी
२ सप्टेंबर २०२५

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

प्रोजेक्ट झालं नाही. २० तारखेला एका खोलीत बोलावलं, लॅपटॉप ठेवून घेतला आणि राजीनामा लिहून घेतला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. आधी कळवलं नाही, कारण आधी दुसरं काम करायचं होतं.

ते केलं. तीन पानं लिहिली. दोन फायली कशा होतात, पेनड्राइव्हवर एक दुसरीवर कशी बसते, खालची ओळ स्क्रीनवर का दिसत नव्हती, ती दुरुस्त करायला मला बोलावलं होतं आणि मी गेले नाही, सगळ्या फायलींना "बदला" लावा हे मीच सांगितलं, आणि जुनी फाइल काढून टाका हेही मीच. सगळं तारखांसकट. खाली नाव, शिक्षण, सही.

शुक्रवारी ते घेऊन तुमच्या कंपनीत आले होते. तुम्ही त्या दिवशी रजेवर होता. दादासाहेबांनी बसवलं, चहा मागवला. कागद हातात घेतला, शेवटच्या पानावरची माझी सही बघितली आणि टेबलावर ठेवला. मी म्हटलं, मी आत्ता करून दाखवते, दोन मिनिटं द्या. ते म्हणाले, "पोरी, फाइल बंद झाली. मोटारवाल्यांनी बी सही केली. आता उघडली तर माजी आर्डर जाईल अन् शंभर मानसं घरी बसतील. तवा आली असतीस तर ऐकलं असतं." मामा, तेव्हा ऐकलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण तसं म्हणण्याची सोय मीच त्यांना करून दिली.

तिथून धम्मरत्नच्या खोलीवर गेले. कुलूप होतं. शेजारची म्हणाली, पोळ्याच्या आधीच सामान घेऊन गावी गेले. पत्ता तिला सांगता आला नाही. तुमच्याकडे असेल. तीन पानं सोबत जोडली आहेत. ती त्याच्यापर्यंत पोचवा. कामगार न्यायालयात उपयोगी पडतील. मी कुठेही येऊन सांगायला तयार आहे. आता मला थांबवणारं काही राहिलेलं नाही.

तुम्ही खिशातली पत्रं काढली नाहीत, ते मी वाचलं. चार वर्षं तुमच्या घरी जेवले, त्यातल्या एका दिवसाचीही आठवण मला ७ तारखेचं पत्र लिहिताना झाली नव्हती. हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते आहे.

तुमची
स्वरूपा


महाळुंगे
२१ सप्टेंबर २०२५

चि. स्वरूपा,
आशीर्वाद.

पत्ता मामीनं शिवणाच्या दुकानातून आणला. पोस्टानं पाठवायचं मनाला येईना, म्हणून दोन दिवसांची रजा काढून गेलो. हिंगोलीहून पुढं जीप, तिथून तीन किलोमीटर चालत. सोयाबीन काढणीला आलेलं आहे. तो घरीच होता. पट्टी निघालीय. काळा चष्मा घालतो, पण मी गेल्यावर त्यानं तो काढून ठेवला.

आम्रपालीनं पाणी दिलं. मी कागद दिला. त्यानं तिन्ही पानं वाचली. एका डोळ्यानं वाचायची अजून सवय नाही, ओळ सुटते, मग मान वळवून परत शोधतो. बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे स्क्रीनवर दोनच होतं."

मी म्हणलं, "दोनच होतं."

"मला कधी कधी वाटायलं होतं, मीच चुकीचं वाचलं का काय. सगळेच तसं म्हणायलेत म्हणल्यावर." हे तो आम्रपालीकडं बघून बोलला. ती उठून आत गेली.

मी कामगार न्यायालयाचं सांगितलं. तू यायला तयार आहेस तेही. तेव्हा त्यानं सांगितलं ते तुला माहीत नाही, मलाही नव्हतं. चौकशीनंतर तीन दिवसांनी कंपनीचा माणूस त्याच्या खोलीवर आला होता. चूक माझी आहे, माझी काही तक्रार नाही, असा कागद त्यानं धम्मरत्नपुढं ठेवला. सही केली तरच नोकरी सोडल्याचं पत्र मिळेल, नाहीतर काढून टाकल्याची नोंद होईल आणि या पट्ट्यात कुठंच उभं करणार नाहीत, असं सांगितलं. त्यानं सही केली. म्हणाला, "कुठं करायची ती ओळ सापडंना काका. आम्रपालीनं बोट ठेवलं, तिथं केली."

तो कागद हिंगोलीच्या वकिलाला दाखवून झालाय. वकील त्याला म्हणाला, "तुझ्याच सहीच्या विरुद्ध मी काय लढू?" तुझी तीन पानं त्याला दाखवावीत असं मी म्हणलं. धम्मरत्न म्हणाला, बघतो. पण त्यानं ती पानं नीट जुळवली आणि माझ्या हातात परत दिली. मी घेतली नाहीत. मग त्यानं ती खाटेवर ठेवली. मी निघालो तेव्हाही तिथंच होती.

जीपपर्यंत सोडायला आला. वाटेत माझ्या उजव्या बाजूनं चालत होता. त्याच्या डावीकडं चालणारा मी त्याला दिसत नव्हतो, सारखा धक्का लागत होता, म्हणून मी जागा बदलायला लागलो, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मग तुम्हाला ऐकू यायचं नाही."

तू नोकरीचं बघत राहा. लेकराला जप. दिवाळीला येऊ नकोस असं मी म्हणत नाही, पण मामीला आता सगळं सांगितलंय आणि ती अजून माझ्याशीही धड बोलत नाही.

तुला माफ केलं, असं लिहायला म्हणून मी हे पत्र घेऊन बसलो होतो. चार दिवस झाले. ते लिहायचा हक्क माझा नाही, स्वरूपा. ज्याचा आहे त्याच्याजवळ मी दुपारपासून संध्याकाळपर्यंत बसलो होतो. त्यानं तुझं नाव एकदाही काढलं नाही.

मामा